पाणी बुधवारी जाणार की गुरुवारी?

वाचकांचे प्रश्न, डेस्कवरची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, मोबाइलवर बातम्या वाचताना काय खटकतं, काय कळत नाही, ते लिहून पाठवा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. इनबॉक्स भरला, वर दोन पोस्टकार्डंही आली (हो, अजून येतात, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. मी मुंबईतल्या पेपरांच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावतात तिथे, जन्म काढला, रिपोर्टर म्हणून फार फिरले नाही, तेव्हा ही उत्तरं डेस्कवरच्या बाईची आहेत हे धरून वाचा.

प्रश्न: ताई, माझे सासरे गिरणीतून रिटायर झालेत, रोज पेपर अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, साधे नाहीत. पण व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं त्यांना खरं वाटतं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अमुक बँक बुडाली, तमुक औषधाने कॅन्सर बरा होतो, सगळं बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकतात. काही बोललं की म्हणतात, "पेपरात तरी कुठे सगळं खरं असतं?" काय उत्तर द्यायचं? — एक सून, लालबाग

सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण ते चूक नाहीये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन उमेदवारांच्या 'बातम्या' छापल्या गेल्या, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडं पाडलं, मग प्रेस कौन्सिलने (पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) समिती बसवली, २०१० मध्ये अहवाल तयार झाला आणि त्यात पेपरांची नावं होती म्हणून कौन्सिलने आधी तो पूर्ण बाहेरच येऊ दिला नाही. तेव्हा आमचा धंदा धुतल्या तांदळासारखा होता असं मी तरी म्हणणार नाही.

पण फरक कुठे आहे ते सांगते, आणि माझ्याच चुकीवरून सांगते. नव्वदच्या दशकात मी एका पेपरात नाइट ड्यूटीला होते. परळ-शिवडी भागात गुरुवारी पाणी येणार नाही अशी पालिकेची नोट आली, रात्री अकराला मी ती चार ओळींत बसवली आणि गुरुवारच्या जागी बुधवार गेलं. मंगळवारी बातमी छापून आली. लोकांनी मंगळवारी रात्री पिंप, बादल्या, कळश्या, सगळं भरून ठेवलं. बुधवारी पाणी नेहमीसारखं आलं, तेव्हा लोकांनी साठवलेलं ओतून टाकलं, आणि तरीही आमच्याकडे कुणाची ट्यूब पेटली नाही. गुरुवारी नळ कोरडे. ऑफिसचा लँडलाइन नंबर पेपरात छापलेला असायचा, त्यावर सकाळी आठपासून बायकांचे फोन सुरू झाले, एकीने तर विचारलं, "खरकटी भांडी तुमच्या ऑफिसात आणू का घासायला?" चीफसबने (डेस्कच्या प्रमुखाने) शुक्रवारी पहिल्या पानावर दिलगिरी घेतली आणि ती माझ्याकडूनच लिहून घेतली. दोन ओळी लिहायला मला अर्धा तास लागला.

आता बघा, चूक झालीच. पण ती कुणाची हे माहीत होतं, ओरडायला नंबर होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याच पेपरात चूक कबूल झाली. छापलेल्या पेपरावर कुठेतरी बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशक-संपादकांची नावं असतात ना, ती शोभेला नसतात, १८६७ च्या कायद्यापासून ते बंधनच आहे. सासऱ्यांच्या पिढीची 'छापून आलंय म्हणजे कुणीतरी बघितलं असणार' ही सवय त्याच्यातून आलेली आहे. तीच सवय घेऊन ते मोबाइलकडे बघतात, आणि तिथे मधे कुणीच बसलेलं नसतं. त्यांचा दोष नाही हा, त्यांना वाटतंय डेस्क आहे.

मुलं पळवणाऱ्या टोळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागणारी माणसं होती, आणि आधीचे काही दिवस त्या भागात मोबाइलवर हेच फिरत होतं, मुलं पळवणारे आलेत म्हणून. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यातला एक तर कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म. बाइकवरचा माणूस मूल उचलतो आणि शेवटी परत आणून सोडतो, असं मुळात होतं. कुणीतरी शेवट कापला. बस, एवढंच केलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज असेल तर एका वेळी एकाच ठिकाणी. त्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. सासऱ्यांना तो बाण दाखवा. "हा बाण असला म्हणजे हे तुमच्या मित्राने लिहिलेलं नाही, त्यालाही कुणी लिहिलं ते माहीत नाही" एवढंच सांगा, आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही, घरात चहा देताना. चारचौघांत चूक दाखवली की माणूस हट्टाला पेटतो, सासरा असेल तर दुप्पट.

आणि अफवेला स्मार्टफोनच लागतो असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटलं, लाट येतेय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. व्हॉट्सॲप जन्माला यायचं होतं तेव्हा.

प्रश्न: ट्विटरवर ब्लू टिक असली म्हणजे बातमी खरी धरायची ना? — कॉलेजकुमार, विलेपार्ले

नाही. पूर्वी ती टिक 'हा माणूस तोच आहे' एवढंच सांगायची, बातमी खरी आहे असं तेव्हाही म्हणत नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या फुकटच्या टिका काढून टाकल्या, आता महिन्याचे पैसे भरले की मिळते. रेल्वेचा फर्स्ट क्लासचा पास दाखवून कुणी मी मोटरमन आहे म्हटलं तर मानाल का?

प्रश्न: मी गेली तीस वर्षं दोन पेपर घेतो. मुलगा म्हणतो, बाबा, सगळं मोबाइलवर फुकट आहे, रद्दी कशाला वाढवता. गाडीत पेपर उघडायला जागा उरली नाही हेही खरं. बंद करू का? — ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

काका, बंद केलात तर मी रागावणार नाही. पण फुकट म्हणजे काय ते एकदा हिशेबाने बघू.

तुम्ही पेपरला जे चार-पाच रुपये देत होतात त्यात पेपर कधीच निघत नव्हता. कागद, शाई, छपाई, पहाटे स्टेशनबाहेर गठ्ठे सोडून पुरवण्या घालणारी पोरं, विक्रेत्याचं कमिशन, आणि मग पगार. हे सगळं जाहिरातीवर चालायचं. आणि नुसत्या पानभर साड्यांच्या आणि फ्लॅटच्या नाही, छोट्या जाहिरातीसुद्धा. स्थळं पाहिजेत, जागा भाड्याने देणे आहे, टायपिस्ट पाहिजे, अमुक नावाचा मुलगा घर सोडून गेला आहे परत ये आई आजारी आहे. ती बारीक अक्षरांची पानं म्हणजे पेपरची दुभती म्हैस होती. स्थळं लग्नाच्या साइटवर गेली, खोल्या ॲपवर गेल्या, नोकऱ्या पोर्टलवर गेल्या. मोठ्या जाहिरातींचा मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडे गेला. बातमी आमची, ती बघायला येणारा माणूस आमचा, आणि त्याच्या डोळ्यांचे पैसे घेणारा दुसराच.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कायदा आणला की बातम्यांचे पैसे द्या, तर फेसबुकने त्या देशात काही दिवस बातम्याच बंद केल्या, मग तडजोड झाली. कॅनडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला तर फेसबुकच्या मेटा कंपनीने ऑगस्टपासून तिथे फेसबुक-इन्स्टावर बातम्या दाखवणंच थांबवलं. गूगलने मात्र वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे डिजिटल प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलची चौकशी लावली.

आता पैसे आटले की पहिला कोण जातो? संपादक नाही जात. पालिकेत रोज जाऊन बसणारा जातो, कोर्टात दिवसभर बाकावर बसून एका ऑर्डरची वाट बघणारा जातो, मुद्रितशोधक तर केव्हाच गेले (शुद्धलेखन बघून कळलंच असेल). स्थायी समितीच्या मीटिंगला बसणं म्हणजे अतिशय कंटाळवाणं काम, तीन तास बसून कधीकधी काहीच हाती लागत नाही, पण कुठल्या रस्त्याचं कंत्राट कुणाला किती वेळा गेलं हे तिथेच कळायचं. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी सभागृहात नगरसेवकच नव्हते. म्हणजे प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता, आणि बाहेर बातमीदारही कमी. या काळात मुंबईचे रस्ते मात्र एका दमात खोदले गेले, ते तुम्ही बघितलंच असेल.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, दोन घेत होतात तर एक ठेवा. किंवा छापील नको तर कुठल्या तरी एका साइटची नाहीतर ई-पेपरची वर्गणी भरा, जिचा बातमीदार तुमच्या डोंबिवलीत खरोखर फिरतो. आणि मुलाला सांगा, रद्दीचे पैसे त्याचे.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला सगळ्या पेपरांच्या पीडीएफ येतात. वाचणं चूक आहे का? — बोरिवली

लॉकडाऊनमध्ये ही सवय लागली, एप्रिल २०२० मध्ये मुंबईत घरोघरी पेपर टाकायलाच बंदी होती, तेव्हा लोकांना दुसरा इलाज नव्हता, मीही वाचल्या. आता पेपर दारात येतो. ती फाइल वाटणं हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे, आणि ग्रुप ॲडमिनला त्याचा ताप होऊ शकतो. शिवाय पीडीएफमधलं पान बदलून, खोटी हेडलाइन चिकटवून फिरवणं सोपं असतं, आपल्या पेपरचा मास्टहेड, म्हणजे वरचं ठळक नाव, बघितला की आपण खालचं काही तपासत नाही. हेडलाइन फारच चमचमीत वाटली तर त्या पेपरच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बघा आहे का.

प्रश्न: मॅडम, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका पोर्टलला इंटर्न आहे. दिवसाला वीस-पंचवीस बातम्या कराव्या लागतात. बाहेर जायचं नाही, दुसऱ्या साइटवरून उचलून शब्द बदलायचे आणि "समोर आलं मोठं कारण" असं लिहायचं. रात्री घरी आल्यावर आठवत पण नाही काय लिहिलं. हेच जर्नालिझम आहे का? — सानपाडा

पोरी, तुझं पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसले.

आम्हाला शिकवलं होतं की हेडलाइनमध्येच बातमी संपली पाहिजे. घाईतल्या माणसाने, समजा दादरला उभ्या उभ्या दुसऱ्याच्या हातातल्या पेपरवर नजर टाकली, तरी त्याला कळलं पाहिजे काय झालं. आता बरोब्बर उलटं आहे, हेडलाइनने बातमी लपवायची. "या अभिनेत्रीने केलं असं काही की" आणि पुढे क्लिक केलं तर तिने केस कापलेले असतात. तुझ्या सरांना हे आवडतं असं नाही, त्यांच्यापुढे स्क्रीनवर आकडे हलत असतात, आत्ता या मिनिटाला कुठल्या बातमीवर किती लोक आहेत, आणि मालक तेच आकडे बघतो. आमच्या वेळी कुठली बातमी किती जणांनी वाचली हे कुणालाच कळायचं नाही, म्हणून शेतीचं पान वर्षानुवर्षं चाललं. कधीकधी न कळणं बरं असतं.

पण हे घर वाळूवर आहे हे ध्यानात ठेव. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ लोक किती वेळ बघतात याचा सरासरी आकडा ते फुगवून दाखवत होते, आणि त्याच सुमारास जगभरच्या न्यूजरूम 'आता सगळं व्हिडिओ' म्हणून लिहिणाऱ्यांना काढत होत्या. २०१८ च्या सुरुवातीला फेसबुकने ठरवलं की लोकांना मित्रांच्या, घरच्यांच्या पोस्ट जास्त दाखवायच्या, पेजच्या कमी, आणि कित्येक साइटवर येणारी माणसं एकदम आटली. म्हणजे दुकान तुझं, पण दुकानापुढचा रस्ता दुसऱ्याचा, आणि त्याला वाटलं की तो रस्ता वळवतो.

तरी सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही, ते म्हाताऱ्यांचं रडगाणं होईल. लोकल अडकली तर तासाभराने येणाऱ्या आमच्या बातमीपेक्षा एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपच्या चॅटवरचा "कल्याण स्लो पंधरा मिनिटं लेट, कुर्ल्याला उभी" हा मेसेज मोलाचा आहे, तो लिहिणारा गाडीतच उभा आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. तो पूल किती भरतो हे प्रवासी आधीपासून ट्विटरवर रेल्वेला सांगत होते, फोटो टाकत होते. बातमी लोकांच्या हातात होती. ती एकेक सुटी पडलेली होती, ती वेचून, तारखा लावून, तिथे जाऊन उभं राहून, रेल्वेच्या अधिकाऱ्याला विचारून मोठी करणं हे काम माणसाचं, आणि ते वीस-पंचवीसमध्ये बसत नाही.

म्हणून एक कर. आठवड्यातली सुट्टी असेल त्या दिवशी एक बातमी स्वतःची कर. नवी मुंबईत राहतेस ना, एकच विषय धर, सिडकोची घरं म्हण, खाडीतला भराव म्हण. माहिती अधिकाराचा अर्ज शिक, महाराष्ट्रात दहा रुपये फी, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांत, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. नाही दिलं तर अपील. सहा महिन्यांत तुझ्याकडे चार अशा बातम्या असतील ज्या कुणाकडून उचललेल्या नाहीत, नोकरी मागताना त्याच टेबलवर ठेव. आणि "समोर आलं मोठं कारण" लिहायची पाळी आलीच तर निदान कारण पहिल्या ओळीत सांग. सर ओरडतील, एकदाच ओरडतील.

प्रश्न: पूर्वीची पत्रकारिता जबाबदार होती, आता सोशल मीडियाने वाट लावली, असं तुम्हाला वाटत नाही का? — गिरगाव

अर्धं वाटतं. २६ नोव्हेंबर २००८ ला तुम्ही गिरगावातच होतात ना, मग तीन दिवस टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवा. कमांडो कुठे उतरताहेत, हेलिकॉप्टर कुठल्या छतावर, सगळं लाइव्ह, आणि पलीकडे अतिरेक्यांचे सूत्रधार तेच चॅनल बघून त्यांना फोनवर सूचना देत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सुप्रीम कोर्टाने चॅनलवाल्यांना यावरून चांगलंच फटकारलं. नियमात मात्र ते यायला २०१५ उजाडलं, आता अशी कारवाई चालू असताना ठरलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं, लाइव्ह नाही. ते लाइव्ह दाखवणारे सगळे नोकरीवाले पत्रकार होते, आयकार्ड गळ्यात. त्या वेळी ट्विटरवरही लोक लिहीत होते, पण दूर बसलेल्या सूत्रधारांना चॅनलची ओबी व्हॅन (लाइव्ह दाखवणारी गाडी) पुरली.

सोशल मीडियाने काय केलं, तर जी घाई चार चॅनलवाल्यांना होती ती आता सगळ्या शहराला लागली. माझ्या दृष्टीने बिघडलंय ते एवढंच, पण ते छोटं नाही. डेस्कवरच्या माणसाचं निम्मं काम बातमी लावणं नसतंच, थांबवणं असतं. "दुसऱ्याकडून कन्फर्म झालं का?" हे विचारून रिपोर्टरच्या शिव्या खाणं. त्याचं श्रेय कधी मिळत नाही, कारण जी बातमी लागलीच नाही ती कुणाला दिसणार?

प्रश्न: माझं यूट्यूब चॅनल आहे, खड्डे, पाणी, कचरा, फेरीवाले यावर व्हिडिओ करतो, लोक बघतात. पण वॉर्ड ऑफिसला गेलो की "कार्ड दाखव" म्हणतात, पोलीस शूटिंग बंद करायला लावतात. मी पत्रकार आहे की नाही? — भांडुप

दादा, कायद्याने बघाल तर पत्रकाराला वेगळं स्वातंत्र्य दिलेलंच नाहीये. घटनेत 'प्रेस' हा शब्द वेगळा नाही, कलम १९(१)(क) मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य जे मला तेच तुम्हाला. सरकारचं अधिस्वीकृती कार्ड म्हणून एक असतं, माहिती व जनसंपर्क खात्याचं, त्याने मंत्रालयात जायला आणि प्रवासाला सोय होते, पण ते नाही म्हणून तुम्ही रस्त्यावरचा खड्डा दाखवू शकत नाही असं काही नाही. ऑफिसच्या आत, पोलीस ठाण्यात परवानगीचा प्रश्न येतो, तिथे हुज्जत घालू नका, लेखी विचारा.

आपल्या भागातलंच उदाहरण देते. नोव्हेंबर २०१२, मुंबई बंद होती त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक. त्यावरून जी याचिका झाली तिच्यात २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने, ज्याखाली अशी अटक व्हायची ते आयटी कायद्याचं ६६अ कलमच रद्द केलं. नंतर २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला की सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार. त्याविरुद्ध आपल्या मुंबई हायकोर्टात केस झाली, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिसऱ्यांकडे गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. एक कॉमेडियन, संपादकांची संघटना आणि मासिकांची संघटना असे सगळे त्यात अर्जदार होते. म्हणजे मासिकवाले आणि तुम्ही एकाच होडीत आहात, कार्डाचा रुबाब कुणी करू नये.

आता कडू बोलते. तुमचे दोन व्हिडिओ मी बघितले. खड्ड्याचा उत्तम आहे, तारीख, ठिकाण, कंत्राटदाराचा बोर्ड, सगळं दिसतं. फेरीवाल्यांच्या व्हिडिओत मात्र तुम्ही एका बाईच्या तोंडासमोर माइक धरून "लायसन्स कुठाय" असं विचारत सुटला आहात, ती रडतेय, तुम्ही शूट करताय, आणि पालिकेच्या एकाही माणसाला तुम्ही फोन केलेला नाही. कार्डाने पत्रकार होत नाही तसा माइकनेही होत नाही. ज्याच्यावर आरोप करताय त्याला विचारलं का, आणि विचारलं ते दाखवलं का, एवढं दर व्हिडिओत करा. चॅनलच्या माहितीत आपलं खरं नाव आणि तक्रारीसाठी ईमेल टाका. चूक झाली तर व्हिडिओ गुपचूप डिलीट करू नका, वर लिहा काय चुकलं होतं.

प्रश्न: सचिन तेंडुलकर एका गेमची जाहिरात करतोय असा व्हिडिओ मी खरा मानून ॲप घेतलं. आवाजही त्याचाच होता. आता ओळखायचं कसं? — दादर

जानेवारी २०२४ मध्ये सचिननेच स्वतः सांगितलं होतं की तो व्हिडिओ बनावट आहे, तेव्हा फसलेले तुम्ही एकटे नाही. ओठ आणि आवाज नीट जुळतात का, डोळे मिटतात का, या खुणा आता जुन्या झाल्या, रोज सुधारताहेत ते लोक. व्हिडिओकडे बघून ओळखायच्या भानगडीत पडूच नका, त्याच्या बाहेर बघा: त्या माणसाच्या स्वतःच्या अकाउंटवर आहे का, कुठल्या पेपरात आलंय का. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका, बऱ्याचदा तो चार वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्याच गावचा निघतो. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बाकीचं.

प्रश्न: एका न्यूज पोर्टलने आमच्या सोसायटीबद्दल धडधडीत खोटं छापलं. फोन केला तर बातमी गुपचूप बदलली, पण जुन्याचे स्क्रीनशॉट अजून फिरताहेत. तक्रार कुठे करायची? — सेक्रेटरी, मुलुंड

इथे जरा गोंधळच आहे. पेपर असता तर आधी संपादकांना लेखी आणि मग प्रेस कौन्सिल, पण कौन्सिल फक्त छापील पेपर आणि वृत्तसंस्थांसाठी, आणि तेही ताशेरे मारण्यापलीकडे फार करू शकत नाही. चॅनल असतं तर प्रसारणापासून सात दिवसांत चॅनलला लिहायचं, मग त्यांच्या संघटनेच्या प्राधिकरणाकडे, अर्थात चॅनल त्या संघटनेचं सभासद असेल तर. पोर्टलसाठी २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी वगैरे सगळं आहे, पण त्यातल्या आचारसंहितेच्या मुख्य कलमांना ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, आणि ती का दिली हे मला पटतं, सरकारने संपादकाच्या डोक्यावर बसावं असं मलाही वाटत नाही. त्याचा तोटा तुमच्यासारख्याला होतो तो असा.

तुम्ही करायचं ते हे. जुन्या आणि नव्या दोन्ही बातम्यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. संपादकांना ईमेल करा, फोन नको, आणि मागणी एकच करा: बातमी बदलली हे बातमीच्या खाली लिहा, काय बदललं तेही लिहा. वकिलाच्या नोटिशीचा नंबर त्यानंतर, बदनामीचा दावा हा शेवटचा रस्ता, तो लांबचा आहे आणि सोसायटीच्या मेंटेनन्समधून परवडणारा नाही. ते दुरुस्ती लिहायला तयार झाले तर तिची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि ज्यांनी स्क्रीनशॉट फिरवलेत त्यांना एकेकाला पाठवा. कंटाळवाणं आहे, माहितीय.

चुकीची दुरुस्ती: मागच्या अंकात याच सदरात मी लिहिलं होतं की बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला साप्ताहिक म्हणून सुरू झालं. ते पाक्षिक म्हणून सुरू झालं, साप्ताहिक काही महिन्यांनी झालं. ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्डावर कळवलं. चूक माझी, मासिकाच्या डेस्कची नाही.